आडवी नाडी

समस्त नाशिककरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, माणसाच्या शरीरात एक नाडी आडवी असते.

बाकीच्या सगळ्या उभ्या. डोक्याकडून पायाकडे, पायाकडून डोक्याकडे, नुसती ये-जा. ही एकटी बरगड्यांखालून निघते, कमरेला वळसा घालते आणि निघाली तिथेच परत येते. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. पंचवटीत, पेठ नाक्याच्या अलीकडे एका गल्लीत राहणाऱ्या गृहस्थांनी मला ते स्वतःच्या कमरेवर बोट फिरवून दाखवलं. ते बोट फिरवणं तुम्ही पाहायला हवं होतं. उजव्या हाताची तर्जनी पोटावर टेकवायची, डोळे अर्धे मिटायचे, आणि बोट जाईल तितकं मागे न्यायचं. पाठीपर्यंत ते पोचत नसे. मग उरलेला वळसा डाव्या हाताने दुसऱ्या बाजूने पुरा करायचा आणि हलक्या आवाजात म्हणायचं, "उभ्या पुष्कळ. आडवी एकच."

हे ते पेशंटला सांगत, दूधवाल्याला सांगत, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्याला सांगत. एकदा वीजबिलाच्या रांगेत त्यांनी पुढच्या माणसाच्या कमरेवरच बोट फिरवून दाखवलं. तो माणूस खिसा चाचपत रांगेतून बाहेर पडला. डॉक्टर एका नंबरने पुढे सरकले आणि त्याच्या पुढच्याला सांगू लागले.

डॉक्टर आम्ही म्हणायचो. ते सुया टोचायचे. औषधाच्या नव्हे, नुसत्या. केसासारख्या बारीक, चिनी पद्धतीच्या. त्यांच्याकडे त्या विद्येचं एक प्रमाणपत्र होतं आणि ते त्यांनी गणपतीच्या फोटोच्या वर लावलं होतं.

मी पेंटर. चित्रकार नव्हे, पाट्या रंगवणारा. ऐन नव्वदच्या दशकात नाशिकमध्ये उसाच्या रसापासून श्रद्धांजलीपर्यंत जे काही लोकांना वाचावं लागे, त्यातलं बरंचसं माझ्या हातचं होतं. एक दिवस डॉक्टर दुकानात आले आणि म्हणाले, "पेंटर, मला एक पाटी हवीय आणि एक माणूस हवाय."

माणूस भिंतीवर हवा होता. बाहेरच्या खोलीत, पुरुषभर उंचीचा, सगळ्या नाड्या दाखवणारा. नमुना म्हणून त्यांनी एक चिनी तक्ता आणला होता. त्यात एक टकला माणूस अंगावर सूतभरही कपडा नसताना अतिशय प्रसन्नपणे उभा होता. मी खडूने बाह्यरेषा काढली. तेवढ्यात आतून वहिनी आल्या. तक्त्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हे माझ्या बाहेरच्या खोलीत असं उभं राहणार नाही."

म्हणून मी त्याला निळी चड्डी घातली. दोन्ही बाजूंना पांढरी पट्टी, फुटबॉलवाल्यांची असते तशी. झकास दिसत होती. पण घोटाळा असा झाला की, आडवी नाडी लाल ऑइल पेंटने काढायची होती आणि ती आली नेमकी चड्डीच्या नाडीवर.

आता तुम्हीच विचार करा. डॉक्टर हातात फूटपट्टी घेऊन त्या लाल रेघेवर टेकवत आणि गंभीरपणे म्हणत, "ही नाडी सैल झाली की सगळं खाली येतं." पेशंट मान डोलवत. त्यात न पटण्यासारखं काय आहे? एका निवृत्त मुख्याध्यापकांना त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "सर, तुमची नाडी सैल झालीय." सर उठले, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, सदरा वर करून लेंग्याची गाठ घट्ट केली आणि परत येऊन बसले. म्हणाले, "आता बघा."

पुढे कुंभमेळ्याच्या वर्षी एक नागा साधू कमरेवर हात ठेवून आत आले. कॉटवर बसले. बराच वेळ भिंतीवरच्या माणसाकडे नापसंतीने बघत राहिले. मग विचारलं, "इसको चड्डी किसने पहनाई?"

डॉक्टरांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट दाखवलं. "घर में पूछना पडता है, महाराज."

"इसीलिए हमने घर छोडा," साधू म्हणाले आणि सुया टोचून घ्यायला निमूट आडवे झाले.

पाटीची गोष्ट अजून वेगळी. काय लिहू विचारलं तर म्हणाले, "दाई माई."

मी ब्रश खाली ठेवला. "डॉक्टर, लोकांना वाटेल इथे बाळंतपणं होतात."

"दाई म्हणजे पट्टा, माई म्हणजे नाडी. चिनी शब्द आहे, पेंटर. त्यांची नाडी, त्यांनी नाव ठेवलं. आपण कोण बदलणार?"

मग मी रंगवलं: 'दाई माई उपचार केंद्र'. त्याखाली जागा उरली म्हणून त्यांच्याच सांगण्यावरून: 'सुईने उपचार केले जातील'. वर दाई, खाली सुई. सुईण म्हणजे कोण, हे मराठी माणसाला सांगायला नको. मला हसू आवरेना. पण अक्षर सुरेख आलं होतं, म्हणून मी खाली कोपऱ्यात माझी सहीसुद्धा केली.

या आडव्या नाडीचं एवढं वेड त्यांना का, असं तुम्ही विचाराल. त्यांची सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात गेली होती, कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर. "चिमणी उभी," ते सांगत. "बॉयलर उभा. धूर उभा. लोक लांबून त्यांच्याकडे बघतात. आडवा फक्त आमचा पट्टा. तो थांबला की मग त्या चिमणीला विचारा, बाई तू कोण." पट्टा कधी ताणला जातो, कधी घसरतो, कधी नुसत्या आवाजावरून फाटणार हे कळतं, याच्या कथा त्यांच्याकडे अमाप होत्या. शरीरातही असा एक पट्टा आहे हे ऐकल्यावर त्यांना हरवलेला नातेवाईक सापडल्यासारखं झालं असणार.

पण ते ऐकायला ते गेले कशासाठी, तर वहिनींसाठी.

वहिनी वाकत नसत. हातातून चमचा पडला तर त्या ताठ पाठीने गुडघ्यात बसत, चमचा उचलत आणि तशाच ताठ उठत. लांबून बघणाऱ्याला वाटावं, केवढा रुबाब. जवळून बघितलं तर उठताना ओठ घट्ट मिटलेले दिसत. नाशिकमधल्या सगळ्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं होतं की काही नाही. आणि काही नाही, यावर औषध नसतं. मग नोकरीतल्या कुणीतरी मुंबईच्या एका गुरूंचं नाव सांगितलं. यांनी वेळेआधी निवृत्ती घेतली, शनिवार-रविवार जाऊन विद्या शिकले, सुयांचा डबा घेऊन घरी आले आणि वहिनींना म्हणाले, "बस."

वहिनी म्हणाल्या, "मला नाही टोचून घ्यायचं. आधी गावाला टोचा."

त्या सहज बोलल्या असतील. यांनी तो आदेश मानला आणि गावाला टोचायला सुरुवात केली. तोंडात सुपारी ठेवावी तसं त्यांच्या तोंडात एक वाक्य कायम असे, "खरा पेशंट आत आहे." हे ते कुणाला सांगत, तर अंगात डझनभर सुया घेऊन पडलेल्या माणसाला. "तुमच्यावर सराव चाललाय. खरा पेशंट आत आहे." तो बिचारा छताकडे बघत म्हणे, "असू द्या."

सुया वहिनींच्या प्रेशर कुकरमध्ये उकळल्या जात. रोज सकाळी आतून आवाज येई, "अहो, आज आधी वरण की सुया?" शेवटी वहिनींनी स्वतःसाठी वेगळा कुकर घेतला आणि जुना बाहेरच्या खोलीत काढून दिला, एका शेगडीसकट. नेहमीच्या पेशंटच्या सुया ज्याच्या त्याच्या बाटलीत असत, इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या. त्यावर नावं मी बारीक ब्रशने घालून द्यायचो. त्यातल्या एकीवर नुसतं 'सौ.' होतं. त्या सुया कधी कुणाला लागल्या नाहीत. पण दर सोमवारी त्याही कुकरमध्ये जायच्या आणि पुसून परत फळीवर यायच्या.

गुण यायचा का? काहींना यायचा, काहींना नाही. मला खांद्याला आला, गुडघ्याला आला नाही. डॉक्टर म्हणाले, "गुडघा हट्टी आहे, तुझ्यासारखा."

आता खरी गंमत. कंबर धरून आलेल्या माणसाला ते टोचत पायाला. पायाच्या करंगळीच्या आणि शेजारच्या बोटाच्या खाचेतून वर सरकायचं, हाडांच्या मधे बोट अडकलं की थांबायचं. आडवी नाडी तिथून उघडते. त्या जागेच्या चिनी नावाचा अर्थ गुरूंनी सांगितला होता: रडू येण्याच्या काठावर. गुरूंनी फक्त अर्थ सांगितला. पुढचा सिद्धांत आमच्या डॉक्टरांचा स्वतःचा. त्यांचं म्हणणं, नाव उगीच ठेवलेलं नाही. सुई नीट लागली तर डोळ्यांत पाणी आलंच पाहिजे, आणि पाणी आलं की समजावं, कमरेचा पट्टा सुटला.

त्यामुळे सुई पायात आणि डॉक्टर डोळ्यांत. स्टुलावर बसून ते पेशंटच्या डोळ्यांकडे असे टक लावून बघत की चांगला माणूस ओशाळावा. बातमी पसरली की पाणी आल्याशिवाय हे सुया काढत नाहीत. मग लोक आपापली सोय करू लागले. एक वकील दरवेळी एकाच हरलेल्या खटल्याची आठवण काढून रडत. एकलहऱ्याचे त्यांचे एक जुने सहकारी, दारात मावणार नाहीत असे आडदांड, त्यांना काहीच आठवेना म्हणून डोळ्यांची उघडझाप न करता तसेच बघत राहत.

मखमलाबादच्या एक मावशी होत्या. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या टोपलीत घेऊन दारोदार विकायच्या. ओझ्याने कंबर गेलेली. त्यांच्या डोळ्यांत पहिल्या दोन खेपांना थेंब आला नाही आणि टोपली दारात सुकत राहिली. तिसऱ्या खेपेला सुई लागल्या लागल्या मावशी घळाघळा रडू लागल्या. डॉक्टर हरखले. वाकून जवळ गेले. मग थांबले आणि हवेत हुंगले.

"मावशी, लाल की उन्हाळ?"

मावशींनी पदराची गाठ सोडून अर्धा कापलेला कांदा कॉटवर ठेवला. "उन्हाळ हाय. लाल आता कुठं मिळतोय? काढा सुया, भाजी लय सुकली माझी."

आतून वहिनींच्या हसण्याचा आवाज आला. खूप वेळ येत राहिला. डॉक्टरांनी सुया काढल्या, आणि काढताना त्यांचं लक्ष त्या हसण्याकडेच होतं.

कारण पाळत खरी तिथे होती. स्वयंपाकघरात वहिनींनी पदर डोळ्याला लावला की डॉक्टर पेशंटला तसंच सुयांत सोडून दारापाशी जाऊन उभे राहत. तोंडावर लहान मुलासारखी आशा. वहिनी ओट्यापाशी पाठमोऱ्या. मागे वळून न बघता त्या सांगत, "कांदा आहे हो."

"बरं," म्हणून डॉक्टर परत येत.

हे इतक्या वेळा होई की कॉटवरचे पेशंटही आतून नाक ओढल्याचा आवाज आला की एका सुरात म्हणत, "कांदा आहे हो." वहिनीही हसत. सगळे हसत. मीही.

भिंतीवरची लाल रेघ वरचेवर पुसट व्हायची. दिवसभर त्यांचं बोट आणि फूटपट्टी तिच्यावरच. बाकीच्या नाड्या वर्षानुवर्षं ताज्या. मग मी लाल रंगाचा डबा घेऊन यायचो आणि तेवढीच रेघ पुन्हा ओढायचो. अशाच एका दुपारी वहिनी बाजारात गेल्या होत्या, पेशंट कुणी नव्हतं. मी रेघ ओढत होतो आणि ते मागे स्टुलावर बसले होते.

"पेंटर, आम्हाला एक मुलगी होती," ते म्हणाले.

मी ब्रश थांबवला नाही. थांबवला असता तर ते बोलायचे थांबले असते.

"तापाने गेली. शाळेतसुद्धा घातली नव्हती अजून. तेव्हा माझी आई अंथरुणावर होती, तिचं सगळं जागेवर. गावाकडची माणसं आली, त्यांचा चहा, जेवण. मी रडलो. आई पडल्या पडल्या रडली. शेजारपाजारचे रडले. हिला वेळच मिळाला नाही. मी म्हटलं, अगं, बस जरा. तर म्हणाली, नंतर." त्यांनी फूटपट्टी मांडीवर आडवी ठेवली. "नंतर ते आलंच नाही. कंबर आली."

मी रेघेचं टोक टोकाला नेऊन भिडवलं. त्यांनी उठून बोट टेकवून पाहिलं, ओलं होतं. बोट लाल झालं.

पुढे जे झालं ते माझ्या पाटीमुळे झालं. आणि ते मी फार जवळून पाहिलं, कारण मी गुडघ्यात सुया घेऊन कॉटवर पडलो होतो.

सकाळची वेळ. पेठकडून आलेली तीन माणसं दारात: एक म्हातारी, तिचा मुलगा, आणि सून. पेठ नाक्यावर उतरून, चालत येताना मुलाने पाटी वाचली होती. सून दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि तिचे दिवस भरले होते हे आंधळ्यालाही कळलं असतं.

"दाई माई हायेत का?" म्हातारीने विचारलं.

डॉक्टरांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत नाडीला नावाने विचारत कुणी आलं नव्हतं. "आहे ना. सगळ्यांनाच असते. बसा." त्यांनी पोटावर तर्जनी टेकवली, डोळे अर्धे मिटले आणि बोट कमरेभोवती फिरवलं. "इथून निघते, अशी जाते, अशी येते."

"हां," म्हातारी म्हणाली. "तिथंच दुखतंय तिला. पहाटेपास्नं."

मी कॉटवरून ओरडणार होतो, तोवर वहिनी बाहेर आल्या. सुनेकडे एकदा बघितलं. "अहो, नाडी राहू द्या. रिक्षा बघा."

डॉक्टर तसेच अनवाणी धावले. वहिनींनी त्या मुलीच्या पाठीमागून हात घातला आणि तिला पायरी उतरवली. मला वाटलं होतं रिक्षात बसवून परत येतील. पण त्या स्वतःच आत बसल्या, मुलीचं डोकं खांद्यावर घेऊन, आणि रिक्षा हॉस्पिटलकडे गेली. डॉक्टर रिक्षाबरोबर कोपऱ्यापर्यंत पळाले. मी आणि तो निळ्या चड्डीतला चिनी माणूस एकमेकांकडे बघत राहिलो.

वहिनी आल्या तेव्हा उन्हं कलली होती. मी बातमीसाठी थांबलो होतो. डॉक्टर दारातच उभे होते.

"मुलगी झाली," त्या म्हणाल्या. "सासू घाबरून बाहेर बसली होती. नर्सने माझ्याच हातात दिली आधी."

हात धुतले नाहीत, पाणी प्याल्या नाहीत. सरळ कॉटवर बसल्या, उजव्या पायावरची साडी थोडी वर घेतली आणि पाय पुढे केला.

"टोचा."

मग डॉक्टरांनी फळीवरून 'सौ.'ची बाटली काढली. स्टूल पुढे ओढलं. वहिनींचं पाऊल मांडीवर घेतलं. करंगळीच्या खाचेतून अंगठा वर सरकवला आणि जागेवर आणून थांबवला. सगळ्या पंचवटीच्या पायांवरून फिरलेला तो अंगठा. वहिनी त्यांच्याकडे बघत होत्या आणि ते, आयुष्यात पहिल्यांदा, पेशंटच्या डोळ्यांकडे बघत नव्हते.

"आज नको," ते म्हणाले. "या सुया सोमवारच्या आहेत. उद्या ताज्या उकळतो."

वहिनींनी थोडा वेळ वाट पाहिली. मग पाय खाली घेतला. "बरं," म्हणाल्या, आणि ताठ पाठीने उठून कुकर लावायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सुया ताज्या उकळल्या गेल्या. त्या दिवशी वहिनींनी पाय पुढे केला नाही आणि यांनी विचारलं नाही.

मी न राहवून विचारलंच. "डॉक्टर, एवढा सराव केला आणि ऐन वेळी काय झालं?"

ते दुसऱ्याच कुणाच्या तरी सुया पुसत होते. "आलं नाही तर, पेंटर?"

"काय?"

"पाणी. सगळ्या गावाला आलं. वकिलाला आलं. आणि तिलाच आलं नाही, तर मग माझ्याकडे दुसरं काय आहे?"

मी पुढची बाटली उघडून त्यांच्यासमोर ठेवली.

काही दिवसांनी वहिनींनी मला पायरीवर गाठलं. "भाऊ, तुम्ही त्यांच्याशी बोलता. मी काय दर वेळी पाय पुढे करू? विचारतील पुन्हा म्हणून थांबलेय मी."

मी हे जसंच्या तसं आत जाऊन सांगितलं. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला, मग ती भीती आली. "हो, हो," ते म्हणाले. "येत्या सोमवारी."

सोमवार येत राहिले. कुकर लागत राहिला. 'सौ.'च्या सुया उकळून, पुसून फळीवर जात राहिल्या. पाऊस असला तर पाऊस, पेशंट असले तर पेशंट, सण असला तर सण. माणसाला टाळायचं असलं की पंचांग फार मदत करतं. वहिनी ओट्यापाशी आणि डॉक्टर स्टुलावर, मधे एक दार, तेही उघडं. आत-बाहेर सगळे करत होते. त्या दारातून इकडच्या माणसाने तिकडे जाऊन एवढंच म्हणायचं होतं की, चला. मी किती हसवाहसवीच्या गोष्टी रंगवून सांगतो. पण ते उघडं दार मला अजून सांगता येत नाही.

दरम्यान गावात फ्लेक्स आले. पाट्या छापून मिळू लागल्या आणि मी भिंती रंगवण्याची कामं घेऊ लागलो. डॉक्टरांची पाटी मात्र त्यांनी बदलली नाही. पेठकडची माणसं अधूनमधून दाईला शोधत येत, वहिनी त्यांना हॉस्पिटलचा रस्ता दाखवत आणि चहा पाजून पाठवत.

डॉक्टर गेले तेही सकाळीच. बाहेरच्या खोलीतला कुकर शिट्ट्या देत राहिला. वहिनींनी आतून हाक मारली, "अहो, शेगडी बंद करा." शिट्ट्या चालूच. पुन्हा हाक मारली. मग त्या बाहेर आल्या. डॉक्टर स्टुलावर बसलेले होते, डोकं भिंतीवरच्या माणसाच्या निळ्या चड्डीला टेकलेलं. वहिनींनी आधी शेगडी बंद केली.

गल्ली लोटली. मुख्याध्यापक आले, वकील आले. एकलहऱ्याचे ते आडदांड गृहस्थ दारात उभे राहून, कांदा नाही, खटला नाही, नुसतेच ढसाढसा रडले. बायका वहिनींच्या भोवती बसल्या. "रडा, मोकळ्या व्हा," सगळ्या सांगत होत्या. वहिनी म्हणाल्या, "लांबून आलेत सगळे, आधी चहाचं बघते." आणि उठल्या, तशाच ताठ.

काही महिन्यांनी त्यांनी मला निरोप पाठवला. बाहेरची खोली शिकवणीच्या वर्गाला भाड्याने द्यायची होती आणि भिंतीवर असा माणूस असलेला वर्गवाल्यांना चालणार नव्हता. मी चुन्याची बादली घेऊन गेलो. फळीवर बाटल्या नव्हत्या. कॉट नव्हती. स्टूल मात्र भिंतीशी होतं. मी ते जरा बाजूला सरकवलं.

वहिनी मधल्या दारात पाटावर बसल्या होत्या. मखमलाबादच्या मावशी अजून यायच्या. त्यांनी दिलेली मेथीची जुडी वहिनींच्या मांडीवर होती.

मी वरून सुरुवात केली. टक्कल गेलं, हसू गेलं, छातीवरच्या सगळ्या उभ्या नाड्या गेल्या. चड्डी झाकताना मला वाईट वाटलं, चांगली जमली होती ती. पहिला हात वाळला आणि बघतो तर, सगळी भिंत पांढरी आणि मधोमध, कमरेच्या उंचीवर, ती लाल रेघ वर आलेली. इतक्या वेळा ओढलेली. किती थर होते कोण जाणे.

"वहिनी, ही जात नाहीये," मी म्हटलं. "अजून एक हात मारू?"

त्यांनी रेघेकडे पाहिलं. मग खाली बघून जुडीची सुतळी ओढली. गाठ सुटली आणि मेथी सगळ्या मांडीभर पसरली. एक काडी जमिनीवर पडली. ती उचलायला वहिनी वाकल्या. गुडघ्यात न जाता, बसल्या जागी, कमरेतून. आणि वाकलेल्याच राहिल्या.

मी भिंतीकडे तोंड केलं आणि ब्रश नुसता फिरवत राहिलो. मागून नाक ओढल्याचा आवाज आला. मग पुन्हा आला. मी वळलो. वहिनींचा चेहरा ओला झाला होता, हनुवटीपर्यंत, आणि पदर डोळ्यांना लावायचं त्यांना सुचलं नव्हतं. हातात ती मेथीची काडी. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. भिंतीशी ठेवलेल्या रिकाम्या स्टुलाकडे बघून, रोजच्याच आवाजात, त्या बोलून गेल्या, "कांदा आहे हो."